पानाआधीचं फूल

एप्रिल सरत आला की सकाळी चहाआधी मी इमारतीच्या मागे जाते. कुंपणाची भिंत आणि जुना फणस यांच्यामध्ये तिथे जेमतेम चार हात जागा आहे. ऊन दुपारी डोकावून जातं, तेवढंच. माती भेगाळलेली, वर पाचोळा. तो अलगद सारला की एखाद्या दिवशी मातीतून थेट उमललेलं फूल दिसतं. शेजारी पानाचा मागमूस नाही. भुईचाफा!

खाली बसल्याशिवाय तो नीट दिसत नाही. दोन पांढऱ्या पाकळ्या वर उभ्या, खाली मधोमध दुभंगलेली जांभळी पाकळी. वास घ्यायचा तर नाक जमिनीला टेकतं, आणि त्या गोडसर वासात कोरड्या मातीचा वास मिसळतो. संध्याकाळपर्यंत फूल मलूल होतं. मग दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं.

चाफ्याशी याचं नातं नावापुरतं, कूळ आल्या-हळदीचं. शास्त्रीय नाव कॅम्फेरिया रोटुंडा, एंगेलबर्ट केम्फर (१६५१–१७१६) या जर्मन डॉक्टरच्या आठवणीतलं. माझ्याकडे मात्र तो आईच्या मागीलदारातून आला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. आल्यासारखा लहानसा गड्डा आणि मुळांना लोंबणाऱ्या बोराएवढ्या गाठी. त्या गाठींतच त्याची सगळी शिल्लक.

पाऊस लागला की पानं येतात. वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, उलटवलं तर वांगी रंग. बघणाऱ्याला ती शोभेची वाटतात, पण फणसातून गाळून आलेल्या उजेडावर पावसाळाभर राबून पुढच्या उन्हाळ्याचं फूल तीच जमिनीखाली साठवतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास ती पिवळी पडली तरी मी कापत नाही. आपणहून आडवी होऊ देते.

अवघड असतात ते पुढचे महिने. वर काहीच नसतं. पहिल्या वर्षी मला ते बघवेना, म्हणून थंडीभर रोज तांब्याभर पाणी घातलं. फेब्रुवारीत उकरलं तर गड्डे मऊ. दाबले तर पाणी सुटलं. त्या दिवशी मी जेवले नाही. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?" आणि उन्हाळ्यात नवे गड्डे दिले.

आता पानं गेली की पाणी बंद. त्या जागी जांभ्या दगडाचा तुकडा ठेवते, माळ्याची कुदळ चुकून पडू नये म्हणून. येताजाता त्या दगडाकडे बघते आणि हात आवरते.

गेल्या मे महिन्यात आई आली होती. गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसता येत नाही. मी एरवी हे फूल कधी खुडत नाही. त्या दिवशी खुडलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. बुडाला थोडी माती चिकटली होती. तिने आधी ती हुंगली.