स्वभाव की अवस्था?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या घरांतून फार सहजपणे उच्चारली जाते. माळव्यातील मराठी कुटुंबांत तिला एक पुरवणीही जोडलेली असते : ‘नातवाला मराठी येतच नाही.’ बाजारात अस्खलित माळवी-हिंदी बोलणारे मूल घरी मराठीत गप्प बसते आणि निकाल लागून जातो. असे निकाल देताना मला एक तारा आठवतो.

वैशाखातील रात्री आमच्या सरदारपुराच्या दक्षिण क्षितिजालगत नरतुरंग हा तारकासमूह दिसतो. त्यात एक जोडी आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी : एक न्यूट्रॉन तारा आणि त्याचा हलका सहचर. सात तासांच्या आतच ती एकमेकांभोवती प्रदक्षिणा पुरी करतात. न्यूट्रॉन तारा म्हणजे प्रचंड ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला गाभा. सूर्याहून अधिक वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेले. अशा जोडीत सहचराकडून वायू ओढला जातो, घिरट्या घेत चकतीच्या रूपाने आत येतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो. त्याच वायूच्या रेट्याने मंदावलेला वृद्ध तारा कोट्यवधी वर्षांत पुन्हा गरगरू लागतो.

या जोडीची गणना क्ष-किरण देणाऱ्या जोड्यांत होत असे. २०१२ च्या अखेरीस मात्र तिचे तेज ओसरले आणि चकती दिसेनाशी झाली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या साहाय्याने जयंत रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून येणारी रेडिओ स्पंदने टिपली. २०१५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तारा सेकंदाला सुमारे ५९३ वेळा स्वतःभोवती फिरत होता!

यातील मर्म पुढेच आहे. २०११ मधील जुनी क्ष-किरण निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतही तीच गती आढळली. म्हणजे गरगरणे पूर्वीपासूनच होते. बदलली होती ती वाणी. वायूचा लोंढा जवळ आला की रेडिओ स्पंदने मुकी होतात. तो विरळ झाला की ताऱ्याचे स्वतःचे प्रारण त्याला दूर लोटते आणि स्पंदने ऐकू येतात. दुसऱ्या एका जोडीत याच्या उलट घडले. ऐकू येत असलेली स्पंदने जून २०१३ मध्ये थांबली आणि चकती परतली. ज्यांना आपण दोन जाती समजत होतो, त्या एकाच ताऱ्याच्या दोन अवस्था ठरल्या.

मूल काही तारा नव्हे, हे मी जाणतो. तरीही त्याच्या मौनावर शिक्का मारण्यापूर्वी एवढे विचारावे : त्याच्या कानांवर दिवसभर कोणत्या भाषेचा लोंढा येतो, आणि घरी मराठीत चुकल्यावर त्याला हसणारे किती जण आहेत? उत्तर आपल्या हाती असेल, तर औषधही आपल्याच हाती आहे.