शोफरला कोणी मारले?

माझ्या एका कादंबरीतली म्हातारी मध्येच नाहीशी होते. वर्गातल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, तिचं पुढं काय झालं?" "नीट वाच," म्हणून मी त्याला खाली बसवले. खरे म्हणजे मीच तिला विसरलो होतो!

पुढे हॉवर्ड हॉक्स यांचा १९४६ सालचा 'द बिग स्लीप' पाहिला. रेमंड चँडलर यांच्या १९३९ सालच्या कादंबरीवरचा. त्यात एका शोफरचे प्रेत मोटारीसह समुद्रात सापडते. त्याला कोणी मारले, हे पटकथा लिहिणाऱ्यांना उमगेना. आणि त्यांत फॉकनरसारखा लेखक! त्यांनी तार करून चँडलरना विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने लिहूनही ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कबुली दिली. पोरगा म्हणाला, "मग आता लिहा की, गुरुजी."