कसूर

‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द सरकारी हुकमात वाचले, की आपणांस दटावणीच ऐकू येते. कसूर हा मूळचा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याच्या धातूचा अर्थ आखूड असणे, कमी पडणे. प्रवासी मुसलमान चार रकातींची नमाज दोनच रकातींत करतो, तिलाही ‘कस्र’च म्हणतात, ती मात्र धर्माने दिलेली सवलत! कसूर म्हणजे वाईट करणे नव्हे, करावयाचे उणे ठेवणे. आमच्या जुन्या लॅटिन पापकबुलीत विचार, शब्द व कृती एवढीच होती. १९७० च्या मिस्साग्रंथाने तीत न केलेले कर्तव्यही घातले. मला ही भर फार मोलाची वाटते. ‘मी कोणाचे वाईट केले नाही,’ असे पुष्कळजण सांगतात, आणि ते खरेही असते. माजघरातल्या आजारी म्हातारीजवळ मात्र दिवसभर कोणी बसलेले नसते.