वाळूचा हिशेब

मी सोलापूर जिल्ह्यातला, दुष्काळी मुलखातला. समुद्राशी माझा शासकीय संबंध आला तो वयाच्या चाळिशीनंतर, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील एका बंदर प्रकल्पात प्रतिनियुक्तीवर गेलो तेव्हा. साल २००८. मंजुरी देणाऱ्यांचे अनुभव पुष्कळ लिहिले जातात. मी मात्र मंजुरी मागणाऱ्यांच्या बाजूला होतो, आणि त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

परराज्यांत नोकरी करणाऱ्या वाचकांपैकी अनेकांनी हा मार्ग फायलींतून पाहिला असेल. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रित. त्यात ज्या कामाला पाण्याचा काठ अपरिहार्य आहे, तेवढेच करता येई. (पुढे २०११ व २०१९ साली ही अधिसूचना नव्याने निघाली.) शिवाय २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे परिणाम मूल्यांकन अहवाल, जनसुनावणी, राज्याच्या किनारी प्राधिकरणाची शिफारस आणि शेवटी दिल्लीतील तज्ज्ञ समिती. भरतीरेषा आखण्याचा अधिकारही ठरावीक संस्थांनाच. एवढी चाळणी असताना काही निसटेल असे मला वाटत नव्हते.

अहवालातील लाभ-व्ययाचे प्रकरण माझ्याकडे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते सोपे. १२ टक्के दराने वीस वर्षांनंतरचे शंभर रुपये आजचे जेमतेम दहा रुपये होतात. बंदराचे उत्पन्न लवकर सुरू होणार होते, किनाऱ्याची झीज सावकाश होणार होती. त्यामुळे तक्ता आपोआप आमच्या बाजूने झुकला. त्यात खोटे काही नव्हते. हेच आजही मला अस्वस्थ करते.

जनसुनावणी मांडवात झाली. सुनावणीला गणसंख्येची अट नाही, तरीही शेकडो माणसे आली होती. बहुतेकांनी नोकऱ्यांविषयी विचारले. मग उत्तरेकडच्या कोळीवाड्यातील एक वृद्ध बाई उठल्या. त्यांचे तमिळ बोलणे शेजारच्या तहसीलदारांनी मला इंग्रजीत सांगितले. त्यांचा प्रश्न असा : भिंतीच्या दक्षिणेला वाळू साठेल असे तुम्हीच नकाशात दाखवता, ती आमच्याकडे यायची वाळू ना? मग आमच्याकडे काय येणार?

पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभराच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. आडवी भिंत घातली की दक्षिणेला पुळण वाढते, उत्तरेला किनारा खचतो. चेन्नईची प्रसिद्ध मरीना चौपाटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या बंदरामुळे रुंदावली, आणि बंदराच्या उत्तरेचे रोयापुरम झिजले. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदर झाले आणि शहरासमोरची पुळण नाहीशी होत गेली. बाईंना हे पुस्तकातून कळले नव्हते. त्या वाळूवर मासे वाळवत आल्या होत्या, एवढेच. आमचा अहवाल मात्र पावसाळा वगळून एका ऋतूच्या निरीक्षणांवर उभा होता, आणि वाळूचा मोठा प्रवास तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांतच होतो.

मी उठून उत्तर दिले, की तज्ज्ञांच्या अभ्यासानुसार परिणाम मर्यादित राहील व आवश्यक ते उपाय योजले जातील. बाई खाली बसल्या. त्यांना पटले म्हणून नव्हे; ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे गेला होता.

अंतिम अहवालात दोन रकान्यांचा तक्ता असतो : उपस्थित मुद्दा, आणि प्रकल्पाचे उत्तर. बाईंच्या प्रश्नापुढे ‘शंकेचे निरसन करण्यात आले’ हे वाक्य माझ्या हातचे आहे. त्याच आठवड्यात मी एक टिप्पणीही लिहिली होती, की साठलेली वाळू दरवर्षी उपसून उत्तरेला टाकण्याचा खर्च प्रकल्पाच्या भांडवली व आवर्ती खर्चात धरावा. वरिष्ठांनी समासात ‘चर्चा करावी’ असे लिहिले. चर्चा झाली. पुन्हा सगळा हिशेब मांडायचा तर समितीची पुढची बैठक हुकेल, असे ठरले. टिप्पणी फायलीत राहिली, तक्ता दिल्लीला गेला.

मंजुरी मिळाली. समितीने वाळू पलीकडे टाकण्याची अट घातली होती, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. दर १ जून व १ डिसेंबरला पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. माझी बदली होईपर्यंत त्या अटीपुढे ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लिहिले जात होते. दोनदा तर मीच लिहिले. उपशासाठी पैसा नव्हता, कारण तो मागितलाच नव्हता.

२०१९ मध्ये चेन्नईला एका बैठकीसाठी गेलो असता गाडी काढून तिकडे जाऊन आलो. दक्षिणेला मुले क्रिकेट खेळत होती, इतके मोठे मैदान झाले होते. उत्तरेला काळ्या दगडांची रास, आणि तिला लागून थेट डांबरी रस्ता. मासे रस्त्याच्या कडेला, वाहनांची धूळ चुकवत वाळत होते. त्या बाईंची चौकशी करावी असे मनात आले. परंतु नाव मला ठाऊक नव्हते. तक्त्यात नावाचा रकाना आम्ही ठेवला नव्हता.