साखर वाढली की आईकडे बोट

संपादकांनी ‘लहान मुलांचा मधुमेह, सोप्या भाषेत’ असा विषय दिला आहे. सोपं लिहायचा प्रयत्न करते. पण गणपतीनंतर माझ्या दवाखान्यात आलेली एक नऊ वर्षांची मुलगी अजून डोक्यातून जात नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याची खूण. इन्सुलिनचा एकही डोस चुकलेला नव्हता. आजी ठामपणे सांगत होती, “आईच चोरून मोदक देते.” आई गप्प होती.

कारण आईच्या पिशवीत सापडलं. नेहमीच्या लाल झाकणाच्या सिरिंज संपल्या, म्हणून औषधाच्या दुकानातून नारिंगी झाकणाच्या दिल्या गेल्या होत्या.

हे जरा सविस्तर सांगायलाच हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये साधारणपणे १००. लाल झाकणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. नारिंगी सिरिंजमध्ये ४० चं इन्सुलिन १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात फक्त ४ युनिट. उलट गफलत झाली, तर १० ऐवजी २५. आणि मूल झोपेतच बेशुद्ध होऊ शकतं. कितीतरी देशांनी ४० ची बाटली कधीच बंद केली. आपल्याकडेही एकच तीव्रता ठेवावी, हे मी प्रत्येक सभेत बोलते आणि बोलत राहणार.

लहान मुलांचा हा मधुमेह, म्हणजे बहुधा टाइप वन, गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं जगत नसत. तरीही “इन्सुलिनची सवय लागते” म्हणून ते बंद करून चूर्ण सुरू करणारे नातेवाईक भेटतात, तेव्हा मला संताप येतो. पथ्य सांभाळलं तरी ही मुलं इन्सुलिनशिवाय राहू शकत नाहीत.

घरातलं काम मात्र कागदावरच्या डोसपेक्षा फार मोठं असतं. दिवसाला चार इंजेक्शनं. रात्री दोन-तीनला उठून बोटातून रक्त काढायचं. साखर ७० च्या खाली गेली की साखरपाणी द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शाळेत खेळाचा तास असेल तर वेगळा हिशेब, ताप आला तर आणखी वेगळा. हे सगळं बहुतेक घरांत एकटी आई करते. काहींनी त्यासाठी नोकरी सोडली आहे. वडील म्हणतात, “मला सुई बघवत नाही.” आईला तरी ती कुठे बघवत होती?

दिवाळीत मुलापासून फराळाचे डबे लपवू नका. डॉक्टरांना विचारून करंजीतल्या पिठासाखरेचा हिशेब शिका आणि जेवणाआधीच्या डोसमध्ये तो धरा. सिरिंज घेताना झाकणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहा. आणि घरातल्या आणखी एका माणसाने, वडील, काका, आजी कुणीही चालेल, या सुट्टीत इंजेक्शन द्यायला शिकावं, एवढी माझी विनंती आहे.