एकट्याने खेळायचे पत्ते

कॅलिफोर्नियात सॅलिनास नदीच्या खोऱ्यात सोलेदाद नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये सोलेदाद म्हणजे एकटेपण. जॉन स्टाइनबेकची १९३७ साली आलेली छोटी कादंबरी 'ऑफ माइस अँड मेन' याच गावाच्या आसपास घडते. स्टाइनबेक सॅलिनासचाच, तरुणपणी तिथल्या शेतांवर मजुरांबरोबर राबलेला.

हे मजूर गाठोडं पाठीवर टाकून शेतामागून शेत हिंडत. महिन्याचे ५० डॉलर हातात पडले की शहरात उडवायचे आणि पुन्हा नवं शेत गाठायचं. बरोबर कुणी नाही. म्हणून कादंबरीतले जॉर्ज आणि लेनी जोडीने येतात तेव्हा मालकाला आधी संशयच येतो, हा जॉर्ज त्या भोळ्या लेनीचा पगार तर लाटत नाही ना?

लेनी अंगाने दांडगा, बुद्धीने लहान मूल. जॉर्ज एके काळी त्याची टिंगल करायचा. एकदा चार लोकांसमोर त्याने लेनीला सॅक्रामेंटो नदीत उडी मारायला सांगितलं. लेनीने मारली. त्याला पोहता येत नव्हतं. बुडता बुडता वाचला आणि बाहेर काढल्याबद्दल जॉर्जचेच आभार मानत राहिला. उडी मारायला सांगणारा कोण, हे त्याला आठवतही नव्हतं. त्या दिवसापासून जॉर्जने असली थट्टा बंद केली. मला वाटतं, या मैत्रीचा खरा जन्म तिथे झाला, त्या शरमेत.

एरवी जॉर्ज चिडतो, ओरडतो, तू नसतास तर किती सुखात असतो म्हणतो. आणि लगेच, लेनीने हट्ट केला की, तीच गोष्ट पुन्हा सांगतो: आपली थोडी जमीन, छोटं घर, ससे, सशांसाठी लसूणघास. लेनीला ती तोंडपाठ आहे, तरी ती जॉर्जच्याच तोंडून ऐकायची असते. मजुरांच्या खोलीत मात्र जॉर्ज पत्ते मांडून बसतो, तेही एकट्याने खेळायचे. वाचताना दर वेळी त्या पत्त्यांपाशी मी थांबते.

त्याच खोलीत म्हाताऱ्या कँडीचा कुत्रा आहे. आंधळा, वास मारणारा. कार्लसन नावाचा मजूर त्याला बाहेर नेऊन गोळी घालतो. पुढे कँडी जॉर्जजवळ कबूल करतो, माझा कुत्रा मीच मारायला हवा होता, परक्याला मारू द्यायला नको होतं.

जॉर्ज ते विसरत नाही. लेनीच्या हातून नकळत एक बाई मरते आणि माणसं बंदुका घेऊन त्याच्या शोधात निघतात. नदीकाठी जॉर्ज त्याला आधी गाठतो. त्याला पलीकडे बघायला लावतो, सशांची गोष्ट सांगतो आणि मागून गोळी झाडतो. पिस्तूल कार्लसनचंच असतं.

शेतावरचाच स्लिम नावाचा सोबती जॉर्जला उठवून बरोबर घेऊन जातो. मागे उरलेल्या कार्लसनला कळत नाही, या दोघांना एवढं कसलं दुःख झालंय.