अडीच सेकंदांचे मानकरी

अमेरिकेतल्या एका हायस्कूलच्या फुटबॉल संघात मी ऑफेन्सिव्ह लाइनला शिकवतो. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल, अशी पाच दणकट पोरं. चेंडू घेऊन पळायचं त्यांच्या नशिबी जवळपास नसतंच. हंगाम तोंडावर आला की पालक विचारतात ते एकच, ‘‘यंदा क्वार्टरबॅक कसा आहे?’’ चेंडू फेकणारा हा खेळाडू असामान्य असल्याशिवाय जिंकता येत नाही, असं सगळे धरूनच चालतात. मला ते पटत नाही.

२००० च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सच्या आक्रमणाला सलग पाच सामने एकही टचडाउन जमला नव्हता. तरी ट्रेंट डिल्फरसारख्या बेताच्या क्वार्टरबॅकला घेऊन त्यांनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला, कारण बचावाने १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले होते. पण तसा बचाव रोज कुठून आणायचा? मला जास्त शिकवून गेलं ते जो गिब्स यांचं वॉशिंग्टन. १९८२, १९८७ आणि १९९१ या हंगामांची विजेतेपदं त्यांनी थाइसमन, विल्यम्स आणि रिपिन अशा तीन वेगळ्या क्वार्टरबॅकना घेऊन मिळवली. जो बुगेल यांनी घडवलेल्या ‘हॉग्ज’ लाइनमधले जॅकोबी, ग्रिम आणि बोस्टिक मात्र तिन्ही वेळा संघात होते.

लाइनचं काम मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, डावा टॅकल बाहेरचा पाय मागे सरकवतो. कंबर वळवायची नाही. वळली की आतली वाट मोकळी झालीच. कोपर बरगड्यांशी, अंगठे वर, आणि तळव्यांचा ठोसा थेट समोरच्याच्या छातीवर. हात बाहेर जाऊन जर्सी ओढली गेली, तर होल्डिंगचे दहा यार्ड भरावे लागतात. तेवढ्यात समोरचे दोघे एकमेकांना ओलांडून जागा बदलतात. तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. कबड्डीतल्या साखळीसारखंच आहे हे. एकाचा अंदाज चुकला की दोघेही गेले. एवढ्या सगळ्यातून क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला मिळतात अडीच-तीन सेकंद.

यावर लोक टॉम ब्रेडीची सात विजेतेपदं आणि पॅट्रिक महोम्सची तीन माझ्यासमोर मांडतात. मांडावीतच; ते दोघे थोर आहेत, यात वादच नाही. पण त्यांचे पराभवही पाहावेत. २००७ च्या हंगामात ब्रेडीचा संघ एकही सामना न हरता सुपर बोलला पोहोचला. तिथे न्यूयॉर्क जायंट्सने त्याला पाच वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं, आणि सामना १७-१४ ने घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महोम्सचे नेहमीचे दोन्ही टॅकल जायबंदी होते. त्याचा संघ ३१-९ असा हरला, एकाही टचडाउनशिवाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने ब्लिट्झसाठी जादा माणूस न धाडताही त्याला सहा वेळा पाडलं आणि सामना ४०-२२ ने जिंकला. हात तेच होते, नजर तीच होती. वेळ मात्र मिळाला नाही.

हे सगळे संघ ज्या लीगमध्ये खेळतात, त्या एनएफएलमध्ये पगारांच्या एकूण खर्चाला मर्यादा आहे. एका ताऱ्यावर जास्त खर्चलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातं. शाळेत पैशांचा प्रश्न नाही, पण सरावाचे तास मोजकेच असतात. ते सगळे एकाच पोराच्या फेकीवर घालवणं मला अन्याय वाटतो.

क्वार्टरबॅककडून माझी अपेक्षा साधी आहे. वाट दिसली नाही तर चेंडू बाहेर फेकून द्यावा आणि पुढच्या पाचांवर विश्वास ठेवावा. असामान्य पोरगा मिळाला तर आनंदच. पण निवड माझ्यावर सोपवली, तर मी दोन हंगाम खांद्याला खांदा लावून खेळलेली पाच पोरं आधी मागेन. त्यांच्या मागे उभा राहिलेला साधा क्वार्टरबॅकही सामने जिंकून देतो.